हेडलाइट मंद, फोकस बिघडलेला: पॉलिश, रिले, एलईडी की नवी असेंब्ली?

दहा-बारा वर्षं जुनी ऑल्टो, वॅगन-आर किंवा स्विफ्ट घेऊन कुणी अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात गेलं आणि "रात्री पुढचं दिसत नाही" म्हणालं, की बहुतेक ठिकाणी लगेच एलईडीचा डबा उघडला जातो. दहा मिनिटांत बल्ब बसतो, समोरची भिंत पांढरीशुभ्र दिसते आणि गिऱ्हाईक खूश होऊन निघतं. वायरिंगमध्ये किती व्होल्ट गळतायत, काच कशी झालीय, फोकस कुठे पडतोय, हे त्या दहा मिनिटांत कुणीच बघत नाही. माझं ठाम मत असं की जुन्या गाडीत बल्ब हा शेवटचा संशयित धरावा आणि फोकस पहिला. फोकस तपासायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि तो चुकलेला असेल तर पुढचं कुठलंही महागडं काम वाया जातं.

हा आढावा मुख्यतः एच-4 बल्बच्या गाड्यांसाठी आहे. म्हणजे एकाच बल्बमध्ये अप्पर आणि डिप्पर, 60/55 वॉटचा हॅलोजन, मागे चकाकता रिफ्लेक्टर आणि पुढे पॉलीकार्बोनेटची, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची काच. आपल्याकडच्या जुन्या छोट्या गाड्यांपैकी बऱ्याच या प्रकारात बसतात. प्रोजेक्टर (भिंगातून प्रकाश टाकणारा दिवा) किंवा कंपनीची एलईडी असलेल्या गाडीला फोकसचा भाग तसाच लागू पडतो, बाकीचं तितकंसं नाही.

दुकानात जायच्या आधी

स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, डॅशबोर्डच्या खालच्या भागात 0 ते 3 आकड्यांचं एक छोटं चाक किंवा बटण बऱ्याच गाड्यांत असतं. तो हेडलाइटचा लेव्हलर. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा प्रकाश खाली आणण्यासाठी तो दिलेला असतो. गाडी धुताना किंवा सर्व्हिसिंगला तो 3 वर फिरला आणि तसाच राहिला, तर वर्षभर बिचारा चालक बोनेटपुढचे चार पट्टे बघत गाडी हाकतो. एकटा चालक असेल तर 0. आधी हे बघा.

मग दोन्ही लाइट एकमेकींशी ताडून पाहा. एकच मंद असेल तर दोष बहुधा त्या बाजूच्या अर्थिंगमध्ये, कपलरमध्ये (बल्बला वायर जोडणारा सॉकेट) किंवा बल्बमध्ये आहे. इंडिकेटर लावला की त्या तालावर हेडलाइटही लुकलुकत असेल तर अर्थिंग नक्की तपासा. दोन्ही मंद असतील आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर उजळत असतील तर अल्टरनेटर, बेल्ट किंवा बॅटरीकडे जा. हेडलाइटवर एक रुपयाही घालू नका. कितीही रेस केलं तरी दोन्ही सारख्याच पिवळट राहत असतील, तर खालच्या तुलना तुमच्यासाठी आहेत.

लाइट बंद करून मोबाइलच्या टॉर्चने आत डोकवा. रिफ्लेक्टर आरशासारखा लखलखीत दिसला पाहिजे. राखाडी, दुधाळ किंवा बल्बच्या वरच्या बाजूला करपलेला दिसला, तर त्यावर पॉलिश चालत नाही. तो अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, कापडाने पुसला तरी निघून येतो. आणखी एक गोष्ट, जी लोक विसरतातच: विंडस्क्रीन आतून पुसा. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून निघणाऱ्या वाफेचा एक तेलकट थर काचेवर साचत जातो. दिवसा तो दिसत नाही, पण समोरून लाइट आली की पूर्ण काच पांढरी होते.

फोकस: घरची भिंत की बीम सेटर

फोकस किती महत्त्वाचा हे एका हिशेबात कळतं. हेडलाइटचा मध्य जमिनीपासून 65 सेंटीमीटरवर आहे आणि डिप्परची वरची कड 1 टक्का खाली झुकलेली आहे, असं धरा. म्हणजे दर 10 मीटरला 10 सेंटीमीटर उतार. ही कड रस्त्याला 65 मीटरवर टेकते. उतार 3 टक्के झाला तर 22 मीटरवरच टेकते. ताशी 60 किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. दीड सेकंद प्रतिक्रियेला आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक, असं धरलं तरी थांबायला 45 मीटर लागतात. म्हणजे 22 मीटरवर दिसलेल्या वस्तूसाठी ब्रेक लावून उपयोग नाही. गळीत हंगामात सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांवर मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर अशी उसाची ट्रॉली उभी असते, तिथे हा फरक जिवावर बेततो. कितीही प्रखर बल्ब लावा, तो प्रकाश त्या 22 मीटरांतच सांडणार.

उलट कड वर गेली तर तुम्हाला लांबचं छान दिसतं आणि समोरचा आंधळा होतो. पावसात भिजलेल्या हेल्मेटच्या काचेतून बघणाऱ्या दुचाकीवाल्यासाठी तो क्षण किती भयंकर असतो, हे ज्याने अनुभवलंय त्याला सांगायला नको. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 106 याचसाठी आहे. पुढचा प्रकाश खाली वळवलेला असावा आणि 8 मीटर अंतरावर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला त्याने दिपवू नये, अशी त्याची अट आहे.

घरी तपासायचं तर सपाट जागा आणि भिंत लागते. सोसायटीचं पार्किंग बहुधा पाणी वाहून जावं म्हणून उताराचं असतं, ते चालत नाही. चाकांत हवा बरोबर, डिकी रिकामी, लेव्हलर 0 वर आणि चालकाच्या सीटवर एक माणूस बसलेला. गाडी भिंतीला काटकोनात उभी करा. हेडलाइटच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर चिकटपट्टी लावा. मग 5 मीटर मागे या. आता डिप्परच्या प्रकाशाची आडवी कड त्या पट्टीच्या 5 ते 6 सेंटीमीटर खाली असायला हवी. काही गाड्यांच्या हेडलाइटवर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर दिव्याच्या चित्राशेजारी 1.0 किंवा 1.2 टक्के असा आकडा छापलेला असतो. तो असेल तर तोच प्रमाण माना.

आपण डावीकडून चालतो, म्हणून कडेचा डावा भाग तिरका वर चढलेला असतो. साइडपट्टीवरून चालणारी माणसं, मैलाचे दगड, पाट्या दिसाव्यात यासाठी. तो चढ प्रत्येक लाइटच्या मध्याच्या बरोबर समोर सुरू झाला पाहिजे. उजवीकडे सुरू झाला तर समोरच्याच्या डोळ्यांत जातो, फार डावीकडे गेला तर प्रकाश शेतात पडतो. एक लाइट तपासताना दुसरीचा कपलर काढून ठेवा. चालू हॅलोजनवर कापड टाकू नका, काच तापते.

असेंब्लीच्या, म्हणजे काच-रिफ्लेक्टरसकट अख्ख्या हेडलाइटच्या मागे दोन स्क्रू असतात, एक वर-खाली आणि एक डावी-उजवीकडे नेणारा. अर्धा-अर्धा फेरा द्या आणि भिंतीकडे बघत जा. 5 मीटरवर 1 सेंटीमीटर इकडे-तिकडे झालं की वरच्या उदाहरणातले 65 मीटर 54 वर येतात, इतकं हे काम नाजूक आहे. जागा असेल तर 10 मीटरवरून करा, तेव्हा आकडे दुप्पट म्हणजे 10 ते 12 सेंटीमीटर होतात आणि चूक निम्मी होते.

बीम सेटर म्हणजे रुळावर सरकणारी, पुढे भिंग असलेली पेटी. ती हेडलाइटपुढे आणली की आतल्या पडद्यावर कड दिसते. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये ती असते आणि जमीन सपाट असेल तर तिचं माप घरच्या भिंतीपेक्षा भरवशाचं. माझा कौल असा: घरच्या भिंतीवर आधी निदान करा, आणि बल्ब, असेंब्ली किंवा सस्पेन्शनचं काम झालं असेल तर शेवटचं सेटिंग बीम सेटरवर. पेटी कोपऱ्यात धूळ खात पडलेली असेल आणि मेकॅनिक "नजरेने करतो" म्हणाला, तर तुमची भिंत त्यापेक्षा बरी.

स्क्रू फिरवण्याआधी फोकस का हलला ते मात्र शोधा. बल्ब बदलल्यावर लगेच बिघडला असेल तर बल्ब खाचेत बसलेला नाही. एच-4 ला तीन असमान पाकळ्या असतात आणि त्या एकाच पद्धतीने बसतात. जबरदस्तीने तिरका दाबून वरून स्प्रिंग लावली की कडेचा पत्ताच लागत नाही. एकच लाइट खड्ड्यात थरथरत असेल तर असेंब्लीचा प्लॅस्टिकचा कान तुटलाय, बहुधा जुन्या ठोकरीत. दोन्ही लाइट सारख्याच वर गेल्या असतील तर मागच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंग बसल्यात का बघा.

काच: पॉलिश की पूर्ण असेंब्ली

अँबॅसडर-पद्मिनीच्या काळात हेडलाइटला खरी काच असायची, ती पिवळी पडत नसे. पॉलीकार्बोनेट उन्हाने पिवळं पडतं, म्हणून कारखान्यात त्यावर एक संरक्षक थर दिलेला असतो. पाच-सात वर्षं उघड्यावर उभी राहिलेल्या गाडीचा तो थर झिजतो, तडकतो आणि खालचं प्लॅस्टिक पिवळं व्हायला लागतं. असा धुरकटपणा प्रकाश नुसता अडवत नाही. तो उधळतो. म्हणून पिवळ्या काचेची गाडी चालकाला मंद वाटते आणि समोरच्याला तीच गाडी दिपवते.

पॉलिशने काम होईल का हे पाण्याने कळतं. काच ओली करा. ओली असताना ती स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाली, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागात आहे आणि पॉलिश चालेल. ओली करूनही आतून ढगाळ दिसत असेल तर नाही.

पॉलिशचं खरं काम वॉटर पेपरचं. 800 किंवा 1000 पासून सुरुवात, मग 1500, 2000, 3000, सतत पाणी मारत, प्रत्येक टप्प्याला आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत. मग कंपाउंड. इथवर बहुतेक जण करतात आणि काच नव्यासारखी दिसते. पण जुना संरक्षक थर तुम्ही आत्ताच घासून काढलाय, आणि नवा दिला नाही तर मराठवाडा-विदर्भाच्या उन्हात ती काच काही महिन्यांत पुन्हा पिवळी होते. म्हणून पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: शेवटी यूव्ही कोट (उन्हापासून वाचवणारा थर) किंवा 2के क्लिअर (दोन भाग मिसळून घट्ट होणारं पारदर्शक वार्निश) मारणार का? मारणार असेल तर काम वर्ष-दोन वर्षं सहज टिकतं. 2के स्प्रे घरी मारायचा असेल तर उघड्यावर आणि योग्य मास्क लावूनच मारा, त्याची वाफ फुप्फुसांना वाईट. टूथपेस्टने फक्त वरवरची चमक येते. डासांच्या स्प्रेची जी युक्ती फिरते ती तर करूच नका. त्यातलं रसायन प्लॅस्टिकचा वरचा थर मऊ करतं आणि काही आठवड्यांनी काच पहिल्यापेक्षा वाईट दिसते.

पूर्ण असेंब्ली कधी बदलावी? रिफ्लेक्टर करपलेला असेल, आत पाणी साचत असेल, किंवा मागचे कान किंवा फोकसचे स्क्रू तुटलेले असतील तेव्हा. पाण्याबाबत एक खुलासा: पावसाळ्यात सकाळी काचेच्या आत हलकी वाफ दिसणं आणि लाइट लावल्यावर ती जाणं हे चालतं, असेंब्लीला हवा जायला छिद्रं असतात. थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी डुचमळत असेल, तर सील गेलंय.

इथे खरी निवड अस्सल की नकली अशी आहे. छोट्या गाडीच्या कंपनी असेंब्लीची किंमत चार आकडी असते आणि स्पेअरच्या बाजारात तशीच दिसणारी निम्म्याहून कमी किमतीला मिळते. दिसायला फरक नसतो, फरक रिफ्लेक्टरच्या आकारात असतो. तो आकार मिलिमीटरच्या भागाइतका चुकला तरी कड अस्पष्ट होते आणि कितीही स्क्रू फिरवले तरी जुळत नाही. माझ्या मते हेडलाइटवर पैसे वाचवायची ही जागा नाही. कंपनीची परवडत नसेल तर निदान गाडीच्या कंपनीला माल पुरवणाऱ्या ल्युमॅक्स किंवा युनो मिंडासारख्या उत्पादकाचं पाकीट घ्या आणि शक्यतो दोन्ही बाजूंच्या बदला, नाहीतर एक डोळा पांढरा आणि एक पिवळा राहतो. परदेशी संकेतस्थळांवरून मागवताना जपा. उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशांसाठीच्या असेंब्लीत कडेचा चढ उजवीकडे असतो. ती आपल्या रस्त्यावर थेट समोरच्याच्या डोळ्यांत मारते आणि स्क्रूने ते दुरुस्त होत नाही.

बल्ब आणि वायरिंग: रिले, 100/90 की एलईडी

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून थोडं खोलात.

हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्यापेक्षा खूप वेगाने घटतो; साधारण व्होल्टेजच्या 3.4 व्या घाताप्रमाणे. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट आहेत आणि बल्बच्या कपलरवर 12.0 च पोचतात, असं धरा. व्होल्टेज 13 टक्के कमी, पण प्रकाश जवळजवळ 38 टक्के कमी. जुन्या छोट्या गाड्यांत असं होतं, कारण हेडलाइटचा सगळा करंट बारीक वायरमधून स्विचपर्यंत आणि तिथून परत असा फिरतो, आणि वाटेतला प्रत्येक गंजलेला जोड आपला वाटा खातो.

हे मोजता येतं. साधा मल्टिमीटर, इंजिन चालू, डिप्पर चालू, बल्ब लावलेलाच. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं कपलरच्या मागून डिप्परच्या पिनवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायरिंगमध्ये गळती आहे. तसंच बॅटरीच्या निगेटिव्हपासून कपलरच्या अर्थ पिनपर्यंत मोजा, तिथे 0.2 च्या आत हवं. अर्थचीच गळती निघाली तर बॉडीवरचा तो नट काढून, पत्रा घासून पुन्हा घट्ट करा. कित्येकदा काम एवढ्यावरच संपतं.

रिले किट म्हणजे बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर (2.5 चौरस मिलिमीटर पुरते) थेट बल्बपर्यंत आणि मध्ये दोन रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), एक अप्परचा, एक डिप्परचा. जुना कपलर फक्त रिलेला इशारा देतो, त्यामुळे स्विचमधून अँपिअरचा छोटासा अंश जातो. चांगल्या किटमध्ये मूळ वायर कापावी लागत नाही आणि बल्बचा होल्डर सिरॅमिकचा येतो. काही गाड्यांत हेडलाइटचं स्विचिंग निगेटिव्ह बाजूने असतं. तिथे साधं किट लावलं तर अप्पर-डिप्परचा गोंधळ होतो, म्हणून वायरमनला हे आधी तपासायला सांगा. ज्या गाड्यांत लाइट बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधून (गाडीच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकातून) चालतात, त्यांत रिलेच्या फंदात पडू नये.

100/90 वॉटचे बल्ब लोक याच मंदपणावर उतारा म्हणून टाकतात. वायरिंग सुधारली नसेल तर हिशेब असा होतो: करंट वाढला की गळतीही वाढते. ज्या वायरिंगमध्ये 55 वॉटला 1.8 व्होल्ट जात होते, तिथे 90 वॉटला पावणेतीनच्या आसपास जातात. बल्बला 11 व्होल्ट मिळतात आणि आधीपेक्षा जेमतेम वीसेक टक्के जास्त प्रकाश पडतो. वायर मात्र दुपटीहून जास्त तापते. कपलर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो, प्लॅस्टिकची काच आतून भाजते. रिले लावूनही हा बल्ब प्लॅस्टिकच्या असेंब्लीत घालू नये असंच मी म्हणेन.

एलईडी बल्बची एक बाजू खरी चांगली आहे. तो 20 ते 30 वॉटच खातो, म्हणून दुबळ्या वायरिंगलाही झेपतो. अडचण रिफ्लेक्टरची आहे. एच-4 चा रिफ्लेक्टर एका ठरावीक जागच्या, तारेसारख्या बारीक फिलामेंटसाठी घडवलेला असतो, आणि डिप्परच्या फिलामेंटखाली एक छोटी वाटी असते, ती कड बनवते. एलईडीच्या चिप दोन बाजूंना, मधल्या पट्टीच्या जाडीमुळे थोड्या बाहेर सरकलेल्या. प्रकाश मग जवळच्या रस्त्यावर जास्त आणि लांब कमी पडतो. जवळचा झगझगीत पट्टा बघून डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावतात आणि लांबचं आणखीच अंधूक होतं. चालकाला मात्र वाटतं की खूप सुधारलं. या फसवणुकीमुळेच एलईडी इतकी खपते, असं माझं मत.

जर्मनीत 2020 साली ऑस्रामच्या एच-7 एलईडी बल्बला रस्त्यावर वापरायची परवानगी मिळाली, पण तीही गाडीच्या ठरावीक मॉडेलांपुरती, त्या त्या हेडलाइटमध्ये तपासून. एकच बल्ब एका रिफ्लेक्टरमध्ये नीट चालतो आणि दुसऱ्यात नाही, हे त्यातून कळतं. "सगळ्या गाड्यांना चालतो" असं पाकिटावर लिहिलेला बल्ब घेताना हे लक्षात ठेवा.

| | रिले + चांगला 60/55 | 100/90 हॅलोजन | एलईडी बल्ब |
|---|---|---|---|
| जुन्या स्विच-वायरिंगवर ताण | नाहीसा होतो | दुपटीहून जास्त | कमी |
| डिप्परची कड | मूळ राहते | बहुधा राहते, पण प्रखर | रिफ्लेक्टरवर अवलंबून, अनेकदा फाटते |
| असेंब्लीला धोका | नाही | रिफ्लेक्टर, कपलर करपतात | मागचं रबरी झाकण नीट बसलं नाही तर पाणी |
| कायदा | अडचण नाही | अडचण | अडचण |

कायद्याबद्दल: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतले अनधिकृत बदल रोखतं, आणि 2019 च्या दुरुस्तीतल्या कलम 182-अ नुसार मालकाला अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पंधरा वर्षांनी आरसीचं नूतनीकरण करताना फिटनेस तपासणी होते, तेव्हाही हेडलाइट बघतात.

दुकानदाराने एलईडीचा फारच आग्रह धरला तर पैसे देण्याआधी ही परीक्षा घ्या. भिंतीवर हॅलोजनची कड चिकटपट्टीने आखा, गाडी न हलवता एलईडी बसवा, चिप घड्याळातल्या 3 आणि 9 च्या दिशेला ठेवा. पट्टीच्या वर, उजव्या बाजूला प्रकाशाचे फराटे दिसले तर बल्ब परत करा.

"130 टक्के जास्त" लिहिलेले 60/55 हॅलोजनही मिळतात. त्यात वॉट तेवढेच, फिलामेंट घट्ट गुंडाळलेलं, त्यामुळे प्रकाश लांब आणि नेमका पडतो, पण आयुष्य बरंच कमी. रात्रीचा घाट नेहमी असेल तर रिले लावल्यावर हे घ्यायला हरकत नाही. निळसर काच असलेले मात्र टाळा, निळा रंग प्रकाश गाळूनच तयार होतो. आणि बल्ब कुठलाही घ्या, जोडीने बदला, काचेला बोट लावू नका.

उरलेले पर्याय

एचआयडी (झेनॉन बल्बचं) किट रिफ्लेक्टरच्या हेडलाइटमध्ये कधीही नाही, दिपवण्यात ते एलईडीच्याही पुढे आहे. असेंब्ली उघडून आत बाय-एलईडी (अप्पर-डिप्पर दोन्ही देणारा एलईडी) प्रोजेक्टर बसवणं हा तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात चांगला प्रकाश, कड चाकूने कापल्यासारखी येते. पण खर्च बहुधा पाच आकडी, कलम 52 चा प्रश्न तसाच, आणि उघडलेली असेंब्ली पुन्हा नीट सील झाली नाही तर पहिल्याच पावसाळ्यात प्रोजेक्टरवर थेंब साचतात. कारागीर माहितीतला असेल तरच.

आंबोली, वरंध किंवा ताम्हिणीत जुलै-ऑगस्टला गाडी घालणाऱ्यांसाठी फॉग लॅम्पचा विचार वेगळा आहे. धुक्यात उपयोग पिवळ्या रंगाचा कमी आणि जागेचा जास्त: लॅम्प बंपरमध्ये खाली असतो, त्याचा पट्टा रुंद आणि वरून कापलेला असतो, म्हणून धुक्यावर आपटून परत डोळ्यांत कमी येतो. गाडीला कंपनीची जागा आणि वायरिंग असेल तर लावा. धुकं गेलं की बंद करा.

कुणाला काय

गाडी वर्ष-सहा महिन्यांत विकायची असेल तर लेव्हलर, फोकस, अर्थिंग साफ करणं आणि यूव्ही कोटासह पॉलिश, एवढ्यावर थांबा. रिलेवर घातलेले पैसे विकताना परत मिळत नाहीत.

गाडी आणखी पाच वर्षं ठेवायची आणि महिन्यातून दोन-चारदा रात्रीचा महामार्ग असेल, तर मल्टिमीटरने मोजूनच रिले घाला. गळती अर्ध्या व्होल्टच्या आत निघाली तर रिलेने फारसा फरक पडणार नाही. तेव्हा तोच पैसा नव्या बल्बच्या जोडीवर घाला. रिफ्लेक्टर करपला असेल तर आधी असेंब्ली, कारण करपलेल्या रिफ्लेक्टरमागे चांगला बल्ब लावून काही हाती लागत नाही.

वडिलांची गाडी असेल, ते साठीच्या पुढचे असतील आणि हल्ली त्यांना रात्री त्रास होत असेल, तर हेडलाइटच्या आधी त्यांचे डोळे तपासून घ्या. मोतीबिंदूच्या सुरुवातीला समोरच्या लाइटभोवती वलयं दिसतात आणि अंधारातलं अंधूक होतं, नेमक्या "आपली लाइट कमी पडतेय" असं वाटायला लावणाऱ्या तक्रारी.

काहीही बसवलं तरी शेवटी फोकस पुन्हा तपासायचा. नवी असेंब्ली किंवा बल्ब बसवून शे-दोनशे किलोमीटर खड्ड्यांतून फिरल्यावर एकदा त्याच भिंतीपुढे, त्याच अंतरावर गाडी उभी करा आणि कड आपल्या पट्टीवर आहे का बघा. सरकली असेल तर स्क्रूला हात लावण्याआधी बल्बची स्प्रिंग आणि असेंब्लीचे नट घट्ट करा.